मागे येतोय ना आवाज?

"मागे येतोय ना आवाज?"

फळ्याकडे पाठ, खडूचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवलेलं, मान किंचित तिरकी. वर्गात शिरला की त्याचं पहिलं वाक्य हेच. हजेरी नंतर, विषय नंतर. शेवटच्या बाकावरून कुणीतरी हात वर केल्याशिवाय तो पुढचा शब्द काढायचा नाही.

आमच्या पनवेलच्या कॉलेजातली ती खोली एस.टी. स्टँडच्या अंगाला आहे. खिडकी उघडी ठेवली तर पेणच्या गाडीची घोषणा आत येते, बंद केली तर मुलं झोपतात. आम्ही कायम नोकरीतले प्राध्यापक वर्षानुवर्षं ती खोली युक्तीनं टाळत आलो. कधी टाळता आलीच नाही, तर मी फळ्याला शिकवत असे. फळ्यानं माझ्याविरुद्ध कधी तक्रार केली नाही. हा मात्र तिथे भूगोल शिकवायला आला आणि सगळ्यांत मागच्या पोरांना विचारत बसला, आवाज येतोय का.

पोरं ती पोरंच. त्यांनी पहिल्याच आठवड्यात ठरवलं की नाही म्हणायचं.

"नाही येत, सर."

हा दोन पावलं पुढे. "आता?"

"नाही येत."

असं करत करत तो शेवटच्या बाकापाशी जाऊन उभा राहिला आणि तास तिथूनच घेतला. सगळा वर्ग उलटा फिरून बसला. टवाळ पोरं एका क्षणात पहिल्या रांगेत आली आणि त्यांना वही काढावी लागली. नंतर कुणी नाही म्हणालं नाही.

त्याच्यासारखंच करावं म्हणून मीही एकदा विचारून पाहिलं. मागून उत्तर आलं, "येतोय सर, पण चालेल."

पनवेल-उरण रस्त्याला आत एक गाव आहे, तिथला तो. घरची शेती थोडी, मिठागरात काम पिढीजात. पुढे जमिनी गेल्या, भरपाई आली, भूखंड आले. चुलतभावांनी जेसीबी घेतले, डंपर घेतले, गळ्यात साखळ्या घातल्या. यानं एम.ए. केलं, मग नेट, मग पीएच.डी. भाऊ प्रेमळ होते. "भावा, किती शिकशील? संपत नाय काय तुजा पुस्तक?" असं विचारायचे आणि परीक्षेला स्वतःच्या गाडीतून सोडायला यायचे.

आमच्याकडे तो लागला तो तासिका तत्त्वावर. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. जेवढे तास घ्याल तेवढ्याचे पैसे, सुट्टीत काही नाही, आणि दरवर्षी जूनमध्ये कॉलेजनं पुन्हा बोलावलं तर तुम्ही प्राध्यापक, नाही तर तुम्ही कोणीच नाही. पण हे गावाला कोण समजावणार? गावातल्या तरुण मंडळानं नाक्यावर फ्लेक्स लावला. मधोमध हाताची घडी घातलेला याचा फोटो, वर मोठ्या अक्षरांत 'प्राध्यापकपदी नियुक्ती झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', खाली डंपरवाल्या भावांचे गॉगल घातलेले चेहरे. पहिला प्राध्यापक होता तो त्या गावचा. त्या दिवसापासून लग्नपत्रिकांत त्याच्या नावाआधी 'प्रा.' आलं आणि गावात त्याचं नाव 'प्रोफेसर' पडलं. माझ्याही तोंडी तेच बसलं.

सत्काराला प्रमुख पाहुणा म्हणून मला नेलं होतं. मी पुष्पहार घेऊन उठलो आणि स्टेजवर समोर उभ्या असलेल्या रुबाबदार, सूटबूट घातलेल्या गृहस्थाच्या गळ्यात तो घालून मोकळा झालो. टाळ्या पडेनात. तो निघाला त्याचा डंपरवाला चुलतभाऊ. प्रोफेसर मंडपाच्या मागच्या बाजूला खुर्च्या लावत होता. भावानं हार काढून तिथे जाऊन त्याच्या गळ्यात घातला आणि मला धीर दिला, "असू दे सर. गावात बी नेहमी असाच होता."

जेवणाच्या वेळी त्याचे वडील माझ्याशेजारी येऊन बसले. मिठाच्या कामानं पावलं भेगाळलेली, बोलणं कमी. त्यांनी मला नाही, मुलाला विचारलं, "पक्की ना रे नोकरी?"

त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "पक्की, बाबा."

रिक्षापर्यंत सोडायला आला तेव्हा वाटेत आपणहून बोलला. "जागा भरायला काढतीलच, सर. मी कायम झालो की आजचं खोटं आपोआप खरं होईल. तोवर बाबांना कशाला?"

त्यानंतर त्याचं सगळं आयुष्य ते एक वाक्य खरं करण्यात गेलं. जिथे जिथे मुलाखत निघाली तिथे तो गेला. कधी जागा राखीव निघायची, कधी भरतीच थांबायची, कधी आत कुणाला घ्यायचं हे आधी ठरलेलं असायचं. परतल्यावर आम्ही विचारायचो, काय झालं? तो म्हणायचा, "चहा चांगला होता." फ्लेक्स ऊनपावसानं फाटला तशी वडिलांनी तो उतरवून घरी नेला आणि परसातल्या लाकडांवर पांघरला. लाकडं भिजत नव्हती, आणि मुलगा रोज दिसत होता.

मग टाळेबंदी आली आणि आम्ही सगळे कायमचे प्राध्यापक एका रात्रीत अडाणी ठरलो.

माझं सांगतो. पहिल्या दिवशी मी शर्ट, टाय आणि खाली लुंगी अशा वेशात पूर्ण तास हिशेबशास्त्रातला घसारा शिकवला. फार रंगून शिकवला. मुलं इतकी शांत होती की मला भरून आलं. शेवटी एकीनं लिहून पाठवलं, "सर, तुमचा माइक बंद आहे." दुसऱ्या दिवशी माइक उघडला, पण फोन उलट्या तोंडानं डब्याला टेकवला. संध्याकाळी प्रोफेसरचा फोन आला.

"सर, तुमचा पंखा छान शिकवतो."

"म्हणजे?"

"दिवसभर मुलांना तोच दिसला. तुमच्यापेक्षा जास्त हालचाल करतो."

त्यानं आम्हा एकेकाला फोनवरून शिकवलं. न चिडता, पुन्हा पुन्हा. "लाल रेघ म्हणजे तोंड बंद, सर. एवढं एक लक्षात ठेवा." विभागप्रमुखांच्या नातवानं मीटिंगमध्ये सगळ्या प्राध्यापकांना बाहेर काढलं तेव्हा त्यानंच आम्हाला परत आत घेतलं. आणि गंमत म्हणजे सगळ्या जगाच्या तोंडी त्याचंच वाक्य झालं. "येतोय का आवाज? माझा आवाज येतोय ना?" तो म्हणायचा, "माझं वाक्य चोरलं सगळ्यांनी."

त्याच्या घरात रेंज नव्हती म्हणून तो गच्चीवर बसून शिकवायचा. पाठीमागे पाण्याची टाकी आणि लांबवर खाडी. त्याच्या तासांना खालच्या अंगणातला कोंबडा भर दुपारी आरवायचा. मधेच आईची हाक यायची, "अरे जेवाला ये, कालवण थंड झाला." हा मान वळवून सांगायचा, "आये, क्लास चालू हाय." मुलं खूश. माझ्या वर्गातली मुलं त्याच्या तासाला जाऊन बसायची, कोंबड्यासाठी.

आदिवासी वाडीवरच्या आणि उरणच्या कोळीवाड्यातल्या मुलांकडे घरात मिळून एकच फोन, तोही बाप कामावरून आला की मिळायचा. त्यांना केव्हाही बघता यावं म्हणून त्यानं भूगोलाचा सगळा अभ्यासक्रम रेकॉर्ड करून ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं, त्याचे पैसेही नव्हते. मी त्यातले बरेच तास पाहिले. समोर वर्ग नाही, फक्त फोन. तरी सवय सुटेना. सुरुवातीला विचारायचा, "मागे येतोय ना आवाज?" आणि थांबायचा. खरोखर थांबायचा, नखावर खडू टेकवून, मान तिरकी करून. कुणी उत्तर देणार नसतं. मग स्वतःशीच म्हणायचा, "बरं. येतोय असं धरतो." आणि पुढे जायचा.

त्याच साथीच्या दुसऱ्या लाटेत त्याचे वडील गेले. शेवटपर्यंत मुलाची नोकरी पक्की आहे असंच समजून गेले. मी फोन केला तर म्हणाला, "एक बरं झालं सर, बाबांना कळलं नाही."

कॉलेज उघडलं तेव्हा भिंती नव्यानं रंगवल्या होत्या, वर्गात पडदे आले होते, छताला प्रोजेक्टर टांगले होते. पाहुण्यांना दाखवण्यासारखं झालं होतं सगळं. आमचा शिपाई त्या यंत्रांना घाबरायचा. प्रोफेसरनं त्याला शेजारी उभं राहून शिकवलं, हे बटण, ही वायर, हा आवाज. मग एका बैठकीत कुणीतरी म्हणालं की भूगोलाला विद्यार्थी कमीच असतात, आणि सगळे तास तर रेकॉर्ड होऊन तयारच आहेत. वाईट हेतूनं कुणी बोललं नाही. त्या तासांची तर स्तुतीच चालली होती. इतके उत्तम तास दुसऱ्या कुठल्या विषयाचे आहेत, असं प्राचार्यही म्हणाले. मी तिथे होतो. बोलावं म्हणून खाकरलोसुद्धा. पण मी बोललो तर बिघडतं, हा माझा जन्मभराचा अनुभव. आधी एक नीट वाक्य जुळवावं म्हटलं, आणि ते जुळेपर्यंत विषय पार्किंगवर गेला होता.

जूनमध्ये त्याला बोलावणं आलं नाही.

तो कागदपत्रं न्यायला आला त्या दिवशी आम्ही दोघं व्हरांड्यात उभे होतो. स्टँडच्या बाजूच्या खोलीतून त्याचाच आवाज येत होता. "मागे येतोय ना आवाज?" आत शिपायानं बटण दाबून दिलं होतं. मागच्या बाकावरची दोघं फोनमध्ये डोकं घालून बसली होती. कुणी हात वर केला नाही.

"बरं. येतोय असं धरतो," पडदा म्हणाला.

"माझ्या जागी माणूस तरी चांगला लावला," प्रोफेसर म्हणाला. हसला, आणि जिना उतरून गेला.

त्यानंतर तो मला दिसला तो दीडेक वर्षानं, तोही माझ्या गाढवपणामुळे. उरणला एका लग्नाला निघालो होतो. फोनमधल्या बाईवर विश्वास ठेवून डावीकडे वळलो, पुन्हा डावीकडे वळलो, आणि ट्रेलरच्या रांगेत अडकून एका कंटेनर यार्डच्या फाटकाशी पोहोचलो. मागे ट्रेलर, पुढे ट्रेलर, मधे माझी जुनी गाडी आणि तिच्यात आहेराची पिशवी. फाटकावर भगव्या जाकिटातला, हेल्मेटवाला एक माणूस हातातल्या यंत्रानं कंटेनरवरचे नंबर टिपत होता. वाकून माझ्या काचेत बघत म्हणाला,

"या सर. कंटेनर आणलात?"

मी उतरलो. काय बोलावं कळेना, म्हणून नेहमीप्रमाणे चुकीचं बोललो. "अरे प्रोफेसर, इथे कसा?"

"जसे तुम्ही. वळण चुकलं."

त्याचा शिफ्टवरचा साहेब त्याचाच विद्यार्थी निघाला, शेवटच्या बाकावरचा. तो त्याला 'सर' म्हणायचा, सावलीतली खुर्ची द्यायचा, आणि मग उन्हातच पाठवायचा, कारण कामच उन्हातलं. जाकिटाच्या आत प्रोफेसरनं निळा फुल शर्ट घातलेला मला दिसला. इस्त्रीचा.

"हा कशाला रे, एवढ्या धुळीत?"

"आईला माहीत नाही, सर. सकाळी कॉलेजची बॅग घेऊनच निघतो." त्यानं खिशातून खडूचा एक तुकडा काढून दाखवला. "घरी जाताना गावाच्या वळणावर थोडा बाहीला लावतो. बाबांना एक सांगितलं होतं. आता आईला काय दुसरं सांगू?"

मागचा ट्रेलर हॉर्न देत होता. निघताना तो म्हणाला, "आई आजारी असते. तुमची आठवण काढते. एकदा जाऊन या ना घरी. कॉलेजचं काहीतरी सांगा तिला, बरं वाटेल. तुम्हाला बोलता येतं."

मला बोलता येतं असं म्हणणारा तो जगातला एकमेव माणूस.

पुढच्या आठवड्यात दुपारी गेलो. वाटेत थापांची तालीम करत होतो. परसात लाकडांच्या ढिगावर तो फ्लेक्स अजून होता. रंग उडालेला, गॉगलवाले भाऊ दुमडीत गेलेले, हाताची घडी गेलेली. प्रोफेसरचा चेहरा तेवढा वर होता, अर्धा.

आई ओटीवर खाटेवर, उशीला टेकून बसली होती. अंगानं पार उतरलेली. हातात फोन, फोनमध्ये मुलगा.

"बसा सर. आयलात, बरा झाला." तिनं शेजारच्या पोरीला चहा सांगितला.

मी खुर्चीच्या कडेवर बसून सुरू झालो. "कॉलेजात त्याच्याशिवाय पान हलत नाही बघा. आत्ता शेवटचा तास चालू असेल त्याचा. मुलं सोडतच नाहीत."

"हाय ना चालू," ती म्हणाली आणि फोन माझ्यासमोर धरला. "ह्यो बघा."

गच्ची, टाकी, मागे खाडी. प्रोफेसर भरती-ओहोटी शिकवत होता. तेवढ्यात फोनमधून कोंबडा आरवला. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "कोंबडा फार गुणी हो तुमचा. त्याच्या प्रत्येक तासाला हजर."

तिनं फोन मांडीवर ठेवला.

"सर, तो कोंबडा आमी गटारीला खाल्ला. कवाच."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"मना वाचता येत नाय," ती म्हणाली, "पन माजा कोंबडा वलखता येतो."

"केव्हापासून माहीत आहे तुम्हाला?"

"पयले पोरांचे फोन येत. सर ह्या काय, सर त्या काय. जेवाला देत नव्हती त्याला. ती बंद झाली. आनि शर्ट मीच धुते ना? त्याला डिझेलचा वास येतो. खडूला कुटं डिझेलचा वास असतो?"

"मग त्याला बोलत का नाही? त्याचाही जीव सुटेल."

ती फोनवरच्या मुलाकडे बघत राहिली. "दिसभर उनात उभा रातो तो. घरी आला का परोफेसर व्हायला मिलता, तेवढाच. ता पन काढून घेऊ?"

मी बशीतल्या बिस्किटाकडे हात नेला.

"थांबा," तिनं बोट वर केलं. फोनमध्ये प्रोफेसर चंद्राबद्दल काही सांगत होता, आणि त्याच्या मागून, बहुधा जिन्यावरून, कुणीतरी खोकलं. म्हातारा, ओला खोकला. दोनदा.

"ह्यो त्याचा बाबा," ती म्हणाली. "ह्याच तासाला हाय. दुसऱ्या कुटल्या नाय."

मोटारसायकलचा आवाज आला. तिनं घाईनं फोन पालथा केला आणि उशीखाली सारला. बंद करायचं तिला जमत नव्हतं. लावून द्यायची ती शेजारची पोरगी.

तो दारात उभा राहिला. खांद्याला बॅग, चेहरा रापलेला, मानेवर धुळीची रेघ. उजव्या बाहीला पांढरा डाग, नीट, दिसेल असा.

"सर, केव्हा आलात?" एवढंच म्हणाला, आणि डोळ्यांनी विचारलं. मी मान हलवली. नाही, काही बोललो नाही.

"आयलास काय?" आई म्हणाली. "आज वर्गान पोरा व्हती काय रे?"

"व्हती आये. भरपूर."

"मागपरेंत गेला आवाज?"

"गेला."

तोच उशीखालून, कापसातून दबलेला पण स्पष्ट, तास संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

"मागे येतोय ना आवाज?"

आई दाराच्या चौकटीकडे बघू लागली. तो बाहीवरच्या डागाकडे. मी बशीतल्या बिस्किटाकडे. कुठलीही शांतता माझ्या तावडीतून आजवर धड सुटलेली नाही, पण त्या दिवशी माझ्या तोंडाला ती लाल रेघ आपोआप लागली. उशीखालचा तो थांबला होता, जसा थांबायचा तसा. वाट बघत.

"बरं," उशी म्हणाली. "येतोय असं धरतो."

"जा, बंब पेटव," आई म्हणाली. "पानी तापला का आंगोल कर. दमला असशील शिकवून."

"हो, आये."

त्यानं बॅग खुंटीला अडकवली आणि मागच्या दारानं परसात गेला. मला खिडकीतून दिसत होतं. लाकडांवरचा फ्लेक्स त्यानं एका कोपऱ्यानं उचलला, बंबापुरत्या ढलप्या काढून घेतल्या, आणि फ्लेक्स पुन्हा नीट पसरला, चेहरा वरच्या बाजूला येईल असा.